शिंपल्यांवरची खोली

घरात जागा कुणाला पुरते? आमचं गाव गांबिया नदीच्या मुखाशी. मागे रस्ता, पुढे खारफुटी. मागे सरकता येत नाही, म्हणून जो तो पुढे सरकतो. खारफुटी तोडायची, चिखलात कचरा ओतायचा, वर कालवांचे शिंपले पसरून चोपायचे, की झाली जमीन! कुणी हटकलंच तर उत्तर तयार: "भरती नेते हो सगळं."

सुताय जार्जूनंही तेच केलं, ते एकुलत्या एका लेकीसाठी. ही लेक, फिलिजी, दूर दाकार शहरात कुणाच्या तरी घरी कामाला जायचं म्हणत होती.

"एका खाटेवर दोघी झोपतो, आई. उद्या लग्न झालं तर नवऱ्याला काय होडीत झोपवू?"

"तुला खोली बांधून देते," सुताय म्हणाली. "आपल्या फाट्यात कालवं आहेत तोवर दाकारचं नाव काढायचं नाही!"

आमच्यात खाडीचा एकेक फाटा एकेका घरच्या बायकांचा. दुसरीची होडी तिथं शिरत नाही. सुतायला तिचा फाटा आईकडून मिळालेला, अगदी घराला लागून. त्याच्याच तोंडाशी तिनं भराव घातला. साऱ्या गल्लीनं आपापला कचरा आणून ओतला आणि सुतायनं वर त्यांचे आभार मानले!

पाणी तपासायला येणारी जैनबा हे पाहून थबकली. कालवांची पिल्लं किती धरतात, म्हणजे चिकटून वाढतात, हे बघायला ती दोरीत शिंपले ओवून फाट्याफाट्यात सोडायची. पाणी बाटल्यांत भरून न्यायची, म्हणून बायका तिला बाटलीवाली म्हणत.

"मावशी, थांबवा हे. पाण्यातला प्राणवायू घटतोय, संडासाचे जंतू वाढताहेत. आणि शिंपले तर मुळीच पुरू नका, पाण्यात परत टाका. कालवाचं पिल्लू मोहरीहून बारीक असतं. टेकायला कडक काही मिळालं नाही तर मरतं. खारफुटीची मुळं तुम्ही तोडलीत, शिंपले खोलीखाली घातलेत. त्यांनी बसायचं कुठं?"

"अगं बाटलीवाले, तुझी आजी रांगत होती तेव्हापासून आमच्या बायका कालवं काढताहेत. भरती धुऊन नेते सगळं."

"फाट्याचं तोंड बुजत चाललंय, मावशी. भरती आत येणार कशी?"

"आणि माझ्या पोरीनं राहायचं कुठं? तू ठेवून घेतेस?"

जैनबानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि ती गेली.

पावसाळ्यापासून कालवं काढणं बंद असतं, त्यांना वाढू द्यायचं म्हणून. तेवढ्या काळात खोली उभी राहिली. फिलिजीनं दार हिरवं रंगवलं आणि दाकारचा विषय सोडून दिला. सुताय किती सुखात होती म्हणून सांगू!

मार्चमध्ये बंदी उठली. बायका गात गात होड्या घेऊन निघाल्या. मायलेकी आपल्या फाट्यात शिरल्या, आणि आधी वास आला. फिलिजीनं उरलेल्या खारफुटीच्या मुळावरचं कालव ठोकून काढलं. आत काळा गाळ. दुसरं काढलं, तिसरं काढलं. तिनं जैनबाची दोरी वर ओढली. ओवलेले शिंपले शेवाळून बुळबुळीत झाले होते, पिल्लू एकही नाही!

"आई गं!" सुतायनं कपाळ बडवून घेतलं. "माझ्या आईचा फाटा मी मारला! या हातांनी मारला गं!"

फिलिजीनं आईचे गाळानं माखलेले हात आपल्या ओच्याला पुसले.

भरलेल्या होड्या परतल्या. या दोघींना पाहून गाणं बंद पडलं. "आमच्या फाट्यात या गं," एक जण म्हणाली. असं बोलावणं आमच्यात कुणी कुणाला करत नाही. पण फिलिजी म्हणाली, "दुसऱ्यांच्या फाट्यात किती दिवस, मावशी?" त्याच आठवड्यात ती दाकारला गेली.

मग सुतायनं पहार उचलली.

"वेड लागलं का गं?" शेजारीण ओरडली. "चांगली खोली पाडतेस?"

"जिच्यासाठी बांधली ती गेली. आता हा भराव कुणासाठी ठेवू?"

जैनबा धावत आली. सुताय खणून काढलेले शिंपले पाटीनं फाट्यात सोडत होती. "मावशी, पिल्लं धरायला काही वर्षं जातील. धरतील की नाही, तेही मला सांगवत नाही."

"धरोत, न धरोत. त्यांची जागा होती, मी घेतली. ती परत करते." सुताय रडत रडतच पाटी भरत राहिली. जैनबानं बाटल्या बाजूला ठेवल्या आणि दुसरी पाटी उचलली. आपला कचरा शेजारणीही उचलून नेऊ लागल्या, माना खाली घालून.

फिलिजीचा फोन आला. "आई, माझी खोली कशी आहे?"

"पाडली गं."

मग ती म्हणाली, "मग मी परत आले, तर कुठं राहू?"



बायांनो, बाबांनो, लेकरांसाठी आपण सगळेच बांधतो. त्यात वाईट काय? पण कुणाच्या जागेवर बांधतोय, एवढं आधी विचारा. पाण्यालाही लेकरं असतात, आणि ती जगली तरच आपली लेकरं आपल्या दारात राहतात. आमच्या सुतायनं हे विचारलं, पण पोरगी गेल्यावर.