काळ्या शनिवारची गाढवं

पोस्टमनने दरवर्षीसारखं नव्या वर्षाचं कॅलेंडर आणून दिलं, गिस्लेनबाईंनी त्याच्या हातावर बक्षिसी ठेवली आणि दार लावून त्या थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसल्या. वरती चित्र मांजराचं आहे की धबधब्याचं हेही बघितलं नाही. त्यांना हवा होता फेब्रुवारी.

सरकारने देशातल्या शाळांचे तीन विभाग पाडलेत आणि हिवाळी सुट्टी पुढेमागे ठेवली आहे, म्हणजे सगळ्यांची एकदम बर्फावर झुंबड उडू नये. कल्पना झकास आहे. फक्त सरकारला दोन मुलगे नाहीत. गिस्लेनबाईंना आहेत. थोरला तिबो बोर्दोला, म्हणजे 'अ' विभागात. धाकटा लोइक मोंपेलिएला, म्हणजे 'क'मध्ये. यंदा 'अ'ची सुट्टी संपत होती त्याच शनिवारी 'क'ची सुरू होत होती. एकच दिवस जुळत होता, पण जुळत होता!

"जोझियान, सापडला!" बाईंनी खिडकीतूनच शेजारणीला हाक मारली.

जोझियान विणकाम घेऊनच आली. "काय सापडलं?"

"शनिवार. शामोनीत, बर्फाच्या डोंगराशी, दोन आठवड्यांसाठी घर घेते. आधी तिबो, मग लोइक. शनिवारी दुपारी एक जेवून निघेल, दुसरा जेवायलाच पोचेल. टेबल एकच आहे."

"आणि हे त्यांना सांगणारेस?"

"कशाला? वेड लागलंय का मला?"

"कोल्हीण आहेस नुसती," जोझियान म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाईंचा नवरा फेरनाँ हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा लोइक स्की करायला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. दफनभूमीच्या दारातच तिबो त्याला म्हणाला, "बाबा जात होते आणि तू डोंगरावरून घसरत होतास. आली ना मजा?" लोइक तसाच गाडीत बसला, तो गेलाच. तेव्हापासून दोघांनाही सुट्ट्यांचं निमित्त आयतं सापडलं होतं. यायचं होतं गं आई, पण विभाग जुळत नाहीत ना! बाईंना हे ऐकून ऐकून वीट आला होता. आपण गेल्यावर ही दोघं येतील आणि खड्ड्याच्या दोन टोकांना उभी राहतील, हे चित्र त्यांना रात्रंदिवस छळत होतं.

मग त्या कामाला लागल्या. शामोनीच्या एजन्सीतली मुलगी फोनवर हसलीच. "फेब्रुवारीसाठी आत्ता विचारताय? सगळं कधीच भरलं, बाई. रेल्वेच्या रुळांलगत दोन खोल्यांचं एक घर आहे, पण गाडीचा आवाज येतो."

"गाडी घरातून तर जात नाही ना? मग द्या."

पोरांच्या झोपण्याची सोय बोळकांडीतल्या एकावर एक रचलेल्या पलंगांवर झाली. तिबोच्या दोन्ही मुलींना स्की शाळेत जागा मिळवून दिली, नातवंडांच्या पायांची मापं विचारून बूट भाड्याने ठरवले, आणि शनिवारसाठी राक्लेतचा, म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर चीजचा, बेत पक्का केला, कारण टेबलाच्या मधोमध चीज वितळत असताना कुणी लवकर उठत नाही.

"तो कधी येतोय?" तिबोने फोनवर विचारलं. लोइकचं नाव तो घेत नसे.

"तुझा आठवडा झाल्यावर."

"तो गेलेला असेल ना?" लोइकने विचारलं.

"विभाग बघ की तुझे तू!" बाई म्हणाल्या. आता यात खोटं काय होतं?

तिबोचा आठवडा छान गेला. पण गुरुवारी संध्याकाळी बूट वाळत ठेवता ठेवता तो सहज म्हणाला, "आई, आम्ही उद्या संध्याकाळीच निघतोय. शनिवार काळा आहे."

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. रेडिओवर रस्त्यांचे रंग सांगतात, हिरवा, नारिंगी, लाल, आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकणार असतील तर काळा. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण जन्मात कधी गाडी चालवली नाही, इथेसुद्धा आगगाडीने आलेल्या. कॅलेंडर तेवढं बघितलं आणि रस्ता विसरल्या.

"काळ्या शनिवारी फक्त गाढवं गाडी काढतात," तिबो म्हणाला. "बाबांचं वाक्य आहे, आई. विसरलीस?"

विसरतील कशा! दर सुट्टीला फेरनाँ सगळ्यांना शुक्रवारीच गाडीत कोंबायचा. मेल्या, बाईंच्या मनात आलं, जाऊन तीन वर्षं झाली तरी आडवा येतोसच! मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

शुक्रवारी मुली स्की शाळेची परीक्षा देऊन, छातीवर ताऱ्याचा बिल्ला मिरवत परतल्या. तिबो खाली गाडीच्या टपावर स्की बांधत होता, त्याची बायको अनुक बॅगा खाली आणत होती. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"आई, आम्ही आजच येतोय," लोइक म्हणाला. "पोरांना दुपारीच शाळेतून काढलं. उद्या काळा शनिवार ना! साल्लाँश गाव मागे टाकलंय, अर्ध्या तासात पोचतो. तो गेला ना?"

"निघालाच आहे," बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि पातेलंभर बटाटे शेगडीवर चढवले. आच ठेवली अगदी मंद. मग खिडकी उघडून ओरडल्या, "तिबो! पोरींना उपाशीपोटी एवढ्या लांब नेऊ नकोस. बटाटे लावलेत, खाऊनच निघा."

तिबो वर आला, थोडा थांबला, मग त्याने झाकण उघडून बघितलं. "आई, हे बटाटे आहेत की धोंडे?"

"उंचीवर वेळ लागतो रे बाबा."

"काल तर पटकन शिजले!"

"ते कालचे होते. जा, तुझे पट्टे नीट आवळ, वाटेत स्की कुणाच्या डोक्यात पडायची."

तो पुटपुटत खाली गेला. बाई खिडकीला चिकटून उभ्या राहिल्या.

लोइकची निळी गाडी वळली आणि बरोबर तिबोच्या गाडीमागे येऊन थांबली. लोइक उतरला. टपावरचा पट्टा हातात धरून तिबो तसाच उभा. मागच्या सीटवरची पोरं काचेला नाकं लावून बघत होती.

"तू उद्या येणार होतास," तिबो म्हणाला.

"तू उद्या जाणार होतास."

"काळा शनिवार आहे उद्या."

"म्हणूनच आज आलो. उद्या फक्त..."

"गाढवं," तिबो म्हणाला.

दोघांनाही हसू आलं, आणि दोघांनीही ते गिळलं. मग लोइक बर्फाकडे बघत बोलला. "दादा, मी फोन बंद नव्हता केला. वर रेंज नव्हती. खाली उतरलो तेव्हा फोनवर तुझे निरोप साठले होते. ते मी अजून पुसलेले नाहीत."

तिबो पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"मला तेव्हाच विचारायला हवं होतं," शेवटी तो म्हणाला. "फार वाईट बोललो मी."

बाईंना पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते. त्यांनी खिडकीतून डोकं काढून हाक दिली, "बटाटे शिजले!" साऱ्या बेतात त्यांनी मारलेली ही एकच थाप.

तिबोने वर बघितलं, मग भावाकडे, आणि आवळलेला पट्टा सोडवायला घेतला.

"अहो, हे काय?" अनुक म्हणाली. "निघायचं ना आपल्याला?"

"उद्या निघू."

"उद्या? काळ्या शनिवारी?"

"होऊ की एक दिवस गाढव," तिबो म्हणाला आणि लोइकच्या हातातली बॅग घेऊन जिना चढू लागला.

वर गिस्लेनबाईंनी घाईघाईने बटाट्यांखालची आच मोठी केली.