रोजच्या रस्त्यावर नेण्याआधी

मी देपालपूरच्या एका गोदामात उभी असलेली लाल स्पोर्ट्स कार बोलतेय. दोन दारं, दोनच सीट, कापडी छत. मला बघून माणसं आधी हसतात, मग फोटो काढतात. मी मात्र आतून भ्यालेली असते.

साठ वर्षांपूर्वी मी जहाजातून या देशात आले. इंदूरच्या गिरणीतले इंजिनियर कृष्णराव मला फक्त रविवारी बाहेर काढत. ते गेले आणि मी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिले. रबर कडक झालं, ब्रेकचं तेल झिरपू लागलं. मग धान्याचे व्यापारी यशवर्धनजींनी मला घेतलं आणि वरातींना पाठवू लागले. वरातीत मी माणसांच्या पावलांनी सरकायचे. तिथे ब्रेक कितीसा लागतो? माझं दुखणं कुणाला कळलंच नाही.

मागच्या महिन्यात ऋजुता आली. नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आलेली, अन्नपूर्णा भागात आईबरोबर राहणारी. रोज ऑफिसला जायला तिला जुनी स्पोर्ट्स कारच हवी होती. आई, शैलजाताई, सोबत होत्या.

"रोज चालेल ना ही?"

"दौडेल मॅडमजी. टेंशनच नका घेऊ," यशवर्धनजी म्हणाले.

"ऋजू, हिला धड सीटचा पट्टासुद्धा नाही," शैलजाताई म्हणाल्या.

"एकच चक्कर, आई."

दोघी बसल्या. यशवर्धनजी मोटरसायकलवरून मागे निघाले. इंदूरच्या रस्त्याला लागताच ऋजुताने वेग वाढवला. ती खुशीत होती, आणि मी जीव मुठीत धरून पळत होते.

पुढे लसणाच्या गोण्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली हळू झाली. ऋजुताने ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. तिने पुन्हा दाबला. काहीच नाही.

"ऋजू..." शैलजाताईंनी दार घट्ट धरलं.

ऋजुताने गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि मला शेताकडे वळवलं. ट्रॉलीचा कोपरा माझ्या दिव्याला घासून गेला. मातीत रुतून मी थांबले.

शैलजाताई लेकीचा हात चाचपून बघत होत्या. यशवर्धनजी धावत आले, तेव्हा ऋजुता हळू आवाजात, इंदूरकर भैयाला म्हणतात तसं म्हणाली, "भिया, ही मला नको. पण मिस्त्रीला दाखवल्याशिवाय दुसऱ्या कुणाला चावी देऊ नका."

"हो जी, उद्याच दाखवतो."

तो उद्या अजून उजाडलेला नाही. त्यांनी माझी माती धुतली, ब्रेकचं तेल वरपर्यंत भरलं, पॉलिश मारलं.

आज पलक आली आहे. कॉलेजला रोज न्यायला गाडी हवी म्हणते. वडील बाहेर बोलत उभे आहेत, आणि ती स्टीअरिंगमागे बसून आरशात केस सारखे करते आहे.

पोरी, माझा रंग बघून मला निवडू नकोस. उभ्या जागी ब्रेकवर पाय ठेव, जोर दे आणि थोडी थांब. पेडल हळूहळू खाली जाईल. तेवढं कळलं की उतर आणि घरी जा. इथे एकटीने गंजायची मला भीती नाही गं. तू चावी फिरवते आहेस, त्याची वाटते.