स्विचवरची चिंधी

मित्रांनो, नीट बसा आणि ऐका. सोनिवलीच्या एका बंद घरात, न्हाणीघराच्या भिंतीवर एकटाच टांगलेला मी एक जुना गिझर आहे.

१९८६ साली उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील एका लहानशा कारखान्यात माझी तांब्याची टाकी घडली. अंबरनाथला अधिकारी असलेल्या हेमचंद्रांनी मला आपल्या आईसाठी, म्हणजे माईंसाठी, आणले. घरात गळणारी वीज जमिनीत नेणारे अर्थिंग नव्हते. हेमचंद्रांनी माझी हिरवी तार सरळ कापली आणि म्हणाले, "दोन तारांवर चालतो की!"

पाहुणे माझे कौतुक करीत. पुढे बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर चढला. मी तडतडू लागलो, पाणी उशिरा तापू लागले. गरम पाणी सर्वांना हवे होते. माझे तडतडणे मात्र कोणी ऐकले नाही.

एके सकाळी कपडे धुणाऱ्या कौसाबाई ओरडल्या, "माई, तुमचा नल चावतो मना!"

"पितळी नळाला दात फुटले वाटतं," हेमचंद्र हसले.

"हसू नकोस!" माई कडाडल्या. "आधी मेन स्विच पाड. कौसा, हात दूर!"

वायरमन चंदू आला. त्याने मला उघडले. "साहेब, कॉइल तडकली. त्यात अर्थिंगही नाही. बाई ओल्या फरशीवर उभी होती, वाचली म्हणा."

हेमचंद्रांनी चंदूला लगेच कामाला लावले. घराला अर्थिंग झाले, माझी हिरवी तार जोडली गेली. त्यानंतर दर दिवाळीपूर्वी माई बजावत, "चंदू, चहा नंतर. आधी अर्थिंग बघ, मग थर काढ." रोज सकाळी त्या माझ्या अंगावर तळवा ठेवून आवाज ऐकत. तेवढीच माझी सोबत.

१९९५ साली माई गेल्या. घराला कुलूप लागले. टाकी कोरडी पडली, उंदरांनी तारा कुरतडल्या. चार वर्षे मला कोणाचा हात लागला नाही.

काल कौसाबाई घर झाडायला आल्या. उद्या भाडेकरू येणार आहेत, त्यांचे लहान मूलही. येताच कोणी बटण दाबले तर? मला बोलता येत नाही आणि कौसाबाईंना लिहिता येत नाही. कुरतडलेली तार पाहून त्यांनी माईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली व स्विचवर घट्ट बांधली.

"इचारतील तरी, का बांधली," त्या पुटपुटल्या. मग माईंसारखाच तळवा माझ्या अंगावर ठेवून निघून गेल्या.

मित्रांनो, ती गाठ सोडण्यापूर्वी कोणीतरी थांबा, आणि कौसाबाईंना विचारा.