रिपीट

कवडूनं जीनची पँट पालथी करून खिशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथून हललंच नाही. जाड निळ्या कापडात तांब्याची बारीक टिकली ठोकलेली होती. प्रत्येक खिशाला तशाच.

"हे रिपीट काहून ठोकलं असंल गा?"

समोरचा ओमप्रकाश वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये कारकून होता. भावानं परदेशातून आणलेल्या पँटसारखीच दुसरी शिवून हवी, एवढंच त्याचं काम. पण भावानं पँटसोबत तिची सगळी कुंडलीही आणली होती आणि ती ऐकायला ओमप्रकाशला कोणी सापडत नव्हतं. कवडूच्या दुकानात ऐकणारा बाराही महिने मोकळा. त्याची बायको जिजाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. ती काज करायला बसायची ते स्टूल अजून मशीनच्या उजव्या हाताला होतं. काजं आता बाहेर जात, तरी गिऱ्हाइकाला तो त्यावर बसू देत नसे. ओमप्रकाशही उभाच होता.

त्यानं आधी खिशातला चिमुकला खिसा दाखवला. तो म्हणे साखळीच्या घड्याळासाठी. घड्याळ कधीच मनगटावर गेलं, पण खिसा कोणी काढला नाही. कवडूनं नकळत स्टुलाकडं पाहिलं.

मग रिपिटांची गोष्ट निघाली. ही पँट मुळात कष्टकऱ्यांची. तिकडं एका मजुराची बायको शिंप्याकडं गेली. नवऱ्याचे खिसे दोन दिवस टिकत नाहीत, काहीतरी करा म्हणाली. शिंपी घोड्यांच्या झुलीही शिवायचा. झुलींच्या पट्ट्यांना लागणारी रिपिटं समोरच पडली होती, ती त्यानं उचलून खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकली. पुढं खाणवाल्यांनी तीच पँट उचलून धरली.

"म्हंजे त्यानं आयकलं तिचं," कवडू म्हणाला.

"आयकलं म्हणूनच तं, काकाजी. आता सारी दुनिया घालून राहिली."

कवडूनं मान खाली घालून माप घेतलं, पण कंबर दोनदा मोजावी लागली. पँट मंगळवारी मिळेल, असं सांगून त्यानं ओमप्रकाशला वाटेला लावलं.

जिजाबाईचा भाऊ सावनेरकडं कोळशाच्या खाणीत होता. दर खेपेला खिसे उसवलेली पँट घेऊन यायचा. एकदा ती शिवता शिवता जिजाबाई म्हणाली होती, "दप्तराच्या पट्ट्याले मारतेत तसं रिपीट मारा ना जी कोपऱ्यावर." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कवडू हसून म्हणाला होता, "काहून वं, पँट शिवून राहिलो का मोटेचा पट्टा?" गिऱ्हाइकंही हसली. तिनं तोंडातला दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं. त्यानंतर शिवणातलं एक अक्षर ती कधी बोलली नाही. तिला राग आला असेल, हे कवडूला तेव्हा सुचलंही नव्हतं. आज तिकडच्या त्या शिंप्याचा त्याला हेवा वाटला, आणि स्वतःची मनापासून लाज वाटली. चूक झाली म्हणायचं, तर कोणाला म्हणायचं?

उठता उठता त्यानं सवयीनं कात्री पँटच्या खिशात सारली. मोठी, जड कात्री. तिच्या वजनानं पूर्वी त्याचे खिसे दोन महिन्यांत फाटायचे. अंगावरची ही पँट पाच वर्षांची. गुडघे विटले होते, पण खिसा शाबूत. याचं नवल त्याला कधी वाटलं नव्हतं. दुनियेचे कपडे तो तपासून बघायचा, स्वतःचे मात्र जिजाबाईनं हातात दिले की घालायचा. खिशाच्या कोपऱ्याला काहीतरी टणक लागायचं खरं. रफूची गाठ असेल, असं धरून तो चालला होता.

कात्री काढून ठेवली. दाराशी उजेडात जाऊन त्यानं कोपरा पाहिला. त्याच रंगाच्या कापडाची चण्याएवढी ठिगळी, काजासारख्या बारीक टाक्यांनी बसवलेली. ब्लेडनं त्यानं दोन टाके उसवले.

आत रिपीट होतं. तांबं हिरवं पडलं होतं. हसायला कोणाला दिसू नये, म्हणून तिनं ते झाकून टाकलं होतं.

कवडू आत आला. मग पँटच्या रंगाचा दोरा ओवून पहिल्यांदाच त्या स्टुलावर बसला आणि उसवलेले दोन टाके होते तसे परत घातले.

"टिकलं वं," तो म्हणाला.