लोहाराचा सदरा

"बाई, हे कुत्रं एक तर मारून टाक, नाही तर माणसात आण!" कोंबडीवालीनं कुंपणावरून मान बाहेर काढून सकाळी सकाळीच तोंड सोडलं. "दिवसभर आपलं खर्र खर्र, खर्र खर्र. त्याचं खाजवणं ऐकून माझ्या कोंबड्या अंड्यावर बसेनात."

"तुझ्या कोंबड्यांना दुसरा कामधंदा नाही, त्याला मी काय करू?" लोहारीण म्हणाली. ती वाकून अंगणातला गाळ खरवडत होती. पूर ओसरून किती तरी दिवस झाले होते, पण अंगण खरवडावं तितका गाळ वर येतच होता. वाळला की भेगाळायचा, भिजला की पायाला जळवेसारखा चिकटायचा. "आणि ते कुत्रं माझं नाही."

"तुझं नाही, मग कुणाचं?"

बोलून गेली आणि कोंबडीवालीनं जीभ चावली. लोहारणीनं खोरं गाळात खुपसलं, तसंच ठेवलं आणि घरात निघून गेली.

कुत्रं लोहाराचं होतं. भट्टीच्या उबेला वाढलेलं, अंगभर काजळी माखलेलं, म्हणून त्यानं त्याला कोळशा म्हणायला सुरुवात केली होती. लोहार घण मारायला उभा राहिला की हे ऐरणीपासून हातभर अंतरावर बसायचं. ठिणगी अंगावर आली तरी हलायचं नाही. पुराच्या दिवशी ते वाहून आलेल्या एका ओंडक्यावर अडकलं. काठावर सगळा गाव जमला होता. लोहारानं अंगातला सदरा काढला, काठावर भिरकावला आणि उडी टाकली. कुत्र्याला मानेला धरून त्यानं काठाकडं लोटलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पुढं काय झालं ते मात्र कुणालाच धड सांगता येईना. पाणी आलं, असं सगळे म्हणायचे. पाणी आलं, एवढंच.

कुत्रं घरी आलं. सदरा घरी आला. लोहार आला नाही. त्याचं काहीच आलं नाही, बोटभर चिंधीसुद्धा नाही.

तेव्हापासून लोहारणीनं त्या कुत्र्यावर हात उगारला नाही, आणि हात फिरवलाही नाही. निंदणीवरून येताना खानावळीतला खरवडलेला भात आणायची, खाटकाकडं पडलेली हाडं मागून आणायची आणि भट्टीच्या दारात ठेवून मागं न बघता निघून यायची. जगवत होती, पाळत नव्हती. एकच विचार तिच्या डोक्यात घट्ट बसला होता: हे मेलं, तर ते कशासाठी गेले?

घरात म्हातारी सासू. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड तेवढा कळायचा. तिच्यापुढं लोहार गेल्याची गोष्ट काढायची सोय नव्हती.

"नदी कुणाला ठेवून घेत नाही पोरी," ती म्हणायची. "जिवंत असो, मेलेला असो, परत करते. माझा परत केला का? नाही ना? मग तो कुठं तरी लागलाय काठाला. येईल."

सदरा तिनंच भट्टीतल्या खिळ्याला अडकवून ठेवायला लावला होता. न धुता. आल्याबरोबर त्याला लागेल म्हणून. आणि दुपारी ऊन कलायला लागलं की ती मान वर करायची.

"ऐकलंस? ऐरण वाजली."

"नाही आत्याबाई. भट्टीला कडी आहे."

असं लोहारीण म्हणायची खरी. पण एकदा शेतात निंदताना तिनं स्वतःच ऐकलं होतं. ठण्ण. मग थोडं थांबून, हलका हात मारल्यासारखं, ठिण्. तिचा हात गवतावरच थांबला. आजूबाजूच्या बाया खाली मान घालून निंदत होत्या. कुणी वर बघितलं नाही. तिनंही मान खाली घातली आणि गवताबरोबर दोन रोपं उपटून टाकली. ही गोष्ट ती कुणाजवळ बोलली नाही.

खाजवणं वाढत गेलं. आधी कानामागचे केस गेले, मग कोपरांचे, मग पाठ उघडी पडली. कातडी जुन्या झाडाच्या सालीसारखी झाली. वास सुटला. एका दिवशी भात तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी हाडही तसंच. लोहारीण पहिल्यांदा वाकून बघायला गेली, तर कुत्र्यानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. त्या नजरेत काही मागणं नव्हतं. ती नजर तिच्या ओळखीची होती. रोज तोंड धुताना बादलीत दिसायची.

तिनं कुत्र्याला पोत्यात घातलं आणि पोतं डोक्यावर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला फटकळ. "केव्हापासून आहे हे? आणि आज आणताय?"

"मला वाटलं, जाईल आपोआप."

"खरूज आपोआप जात नाही, कुत्रंच जातं." तिनं सुई दिली. "ही सरकारी आहे. पुढच्या सुयाही इथंच देईन. बाकीचं तुमच्या हातात. महागाचं काही लागत नाही. कोमट पाण्यानं आंघोळ घाला. मी गंधक देते, ते तेलात कालवून लावा. भाताची पेज द्या, हाडांचं पाणी द्या, अंड्याची टरफलं कुटून त्यात टाका. खाली पोतं टाका, पण ते रोज उन्हात पडलं पाहिजे. आणि लावलेलं चाटू देऊ नका, पोटात गेलं तर बाधेल. जुना कपडा घाला अंगात. पोराला झबलं घालतो तसा."

"त्याला झबलं?" लोहारणीला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"आणखी एक. त्याच्याजवळ बसा. औषध लावून पळून जाऊ नका. हे कुत्रं दुखण्यानं खंगलंय तेवढंच नाही."

अंड्याची टरफलं कोंबडीवालीनं दिली. आधी दोन शिव्या दिल्या आणि मग ओंजळभर टरफलं. आंघोळ घातली तर घमेलंभर काळं पाणी निघालं आणि खालून मळकट पांढरं कुत्रं बाहेर आलं.

"अगं, हे कुत्रं बदललं की काय!" कोंबडीवाली म्हणाली. "कोळशा म्हणे. हा तर चुना निघाला!"

पण भट्टीत नेऊन गंधकाचं तेल लावायला हात पाठीवर ठेवला, तसं ते फिरलं आणि लोहारणीच्या मनगटाला दात लागले. रक्त आलं. तिनं माणसांच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेतली, पुन्हा आली, पुन्हा हात पुढं केला. ते पुन्हा गुरगुरलं. आता हाताला गुंडाळायला काही तरी हवं म्हणून तिनं मागं न बघता भिंतीवर हात मारला आणि हाताला आलं ते ओढलं. खिळ्यावरचा सदरा.

कुत्रं गप्प झालं. एकाएकी, तोंडात बोळा कोंबावा तसं. मान लांब करून त्यानं सदऱ्यात नाक खुपसलं आणि बारीक आवाज काढला. लोहारणीनं तो आवाज या घरात आजवर ऐकला नव्हता. तोच आवाज आपण एवढे दिवस गळ्यात दाबून धरलाय, असं तिला वाटलं. तिनं तेल लावलं, कानामागं, कोपरांना, पाठीला. ते हललं नाही. मग तिनं त्याचे पुढचे पाय बाह्यांत घातले, बटणं पाठीवर लावली आणि भट्टीच्या थंड राखेशेजारी बसून राहिली.

त्यानंतर रोज तसंच. निंदणीवरून आली की पेज, मग तेल, मग सदरा. बसल्या बसल्या ती त्याच्या कानातल्या गोचिड्या काढून साबणाच्या पाण्यात टाकायची. काही तरी बोलायला हवं म्हणून बोलायची. आज बांधावर साप निघाला. आज मुकादम खेकसला. कुत्रं ऐकायचं. नवऱ्याशीही ती इतकी बोलली नव्हती. घणापुढं कुणाचं काय चालणार!

आता झालं असं, की एका संध्याकाळी न्हावी भट्टीवरून चालला होता. दार अर्धवट उघडं. आत अंधारात त्याला लोहाराचा सदरा दिसला. नुसता सदरा. तो ऐरणीजवळ खाली वाकला, थरथरला आणि पलीकडं सरकला. न्हाव्याच्या हातातली पेटी तिथंच पडली. वस्तरा कुठं, कात्री कुठं, आणि न्हावी थेट पारावर.

"लोहार आलाय!" एवढंच बोलला आणि पाणी मागून घेतलं.

गावाला काय, आयतं पीठ मिळालं, ज्यानं त्यानं आपापल्या परीनं मळलं. कुणी म्हणे पाय उलटे आहेत, कुणी म्हणे अंगातून पाणी ठिबकतंय. भट्टीवरची वाट ओस पडली. गिरणीवाला मात्र व्यवहारी माणूस. त्यानं कोंबडीवालीच्या हाती कोयता धाडला आणि निरोप दिला: "आलाच असेल, तर धार लावून ठेव म्हणावं."

निरोप ऐकून लोहारीण हसली. पुरानंतर पहिल्यांदाच. हसता हसता तिला धाप लागली आणि तिनं तोंड झाकून घेतलं. कारण सगळ्या गावात एका माणसानं ती अफवा ऐकून घाबरायचं सोडून कान टवकारले होते.

दुसऱ्या दिवशी ती शेतावरून आली तर सासू जागेवर नव्हती. भिंत चाचपत, गाळातून पाय ओढत म्हातारी भट्टीत पोचली होती. ऐरणीला टेकून बसली होती. मांडीवर कुत्रं. तिचे हात सदऱ्याच्या पाठीवरून फिरत होते, बटणांवर थांबत होते, पुन्हा फिरत होते.

"आलास का रे," ती म्हणत होती. "किती वाळलास. सगळी हाडं लागतात हाताला."

लोहारीण दारातच खिळली. सांगावं तर जीव जाईल, न सांगावं तर पाप लागेल.

"आत्याबाई," ती शेवटी म्हणाली, "ते कुत्रं आहे हो."

"कळतं मला," म्हातारी शांतपणे म्हणाली. "डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. शेपूट लागली हाताला. पण वास त्याचा आहे. बसू दे मला."

मग काय, म्हातारी रोज तिथं बसायला लागली. कुत्रं दिवसभर तिच्या कुशीत. ती त्याला भरवायची, त्याच्याशी बोलायची. लोहारणीला वाटलं, बरं झालं, दोघांना सोबत झाली. पण कुत्र्याची कातडी सुधारता सुधारता पुन्हा फुटली. आणि म्हातारी मान खाजवायला लागली. मानेवर, दंडावर लालसर पुरळ.

डॉक्टरीण या वेळी घरी आली. तिनं म्हातारीची मान बघितली, कुत्र्याची पाठ बघितली.

"हा सदरा उकळलात का?"

लोहारणीनं नाही म्हणून मान हलवली.

"अहो, कुत्रं बरं होतं आणि तुम्ही त्याला पुन्हा तोच रोग चढवता. आता माणसालाही लागला. हा उकळा, नाही तर जाळा. म्हाताऱ्या अंगाला हे सोसणार नाही."

ती गेली. भट्टीत तिघंच राहिली. बाहेर वारा सुटला होता. गाळाची वाळलेली धूळ दारातून आत येत होती. लोहारणीनं सदऱ्याला हात लावला आणि काढून घेतला. गळ्याच्या पट्टीत अजून घामाचा, कोळशाचा, तापल्या लोखंडाचा वास होता. गंधकाच्या वासाखाली, पण होता. तिनं तो आजवर एकदाही नाकाला लावला नव्हता. आता लावला, आणि ती खाली बसली.

"एवढंच उरलंय आत्याबाई," ती म्हणाली. "हे पण पाण्यात घालू?"

कुत्र्याचं खाजवणं तेवढं ऐकू येत होतं.

"भट्टी पेटव," म्हातारी म्हणाली.

"काय?"

"चुलीवर एवढं घमेलं बसायचं नाही. भट्टी पेटव. आणि मला दे तो, मी घालते. मीच घातला होता पहिला सदरा त्याच्या अंगात."

लोहारणीनं राख उपसली, कोळसा घातला, भात्याला हात लावला. भाता इतक्या दिवसांनी कण्हला आणि मग श्वास घ्यायला लागला. कुत्रं उठून उभं राहिलं. निखारे लाल झाले, घमेल्यातलं पाणी खदखदायला लागलं. म्हातारी चाचपत पुढं आली. तिनं सदरा एकदा तोंडावर धरला, मग हळूच पाण्यात सोडला, पाळण्यात ठेवावा तसा. वाफ उठली. सगळी भट्टी त्या वासानं भरून गेली. घाम, धूर, लोखंड. तो आत आल्यासारखा. आत येऊन मधोमध उभा राहिल्यासारखा. कुत्रं मान वर करून वाफेकडं बघत राहिलं, त्याची शेपूट जमिनीवर एकदा आपटली. लोहारणीनं डोळे घट्ट मिटले आणि उघडले नाहीत.

मग वारा आला आणि वाफ दारातून निघून गेली.

सदरा वाळला. म्हातारीनं त्याला नाक लावलं. "साबण," एवढंच म्हणाली आणि घडी करून बाजूला ठेवला. लोहारणीला धास्ती होती, की आता सदरा नाही तर कुत्रं अंगाला हात लावू देणार नाही. ती तेलाची वाटी घेऊन बसली. नुसते हात पुढं केले. कुत्रं आलं. तिच्या बोटांचा वास घेतला आणि तिच्या मांडीवर मान टाकून पडलं.

म्हातारी जवळ सरकली. वाकून तिनं कुत्र्याची पाठ हुंगली, कान हुंगले.

"याला आता तुझा वास येतो पोरी," ती म्हणाली.

"माझा?"

"तुझाच. त्याचा नाही." म्हातारीनं जमिनीवर हात टेकला. "गेला गं तो. आज गेला."

इतके दिवस गाव रडला, कोंबडीवाली रडली, या घरातल्या दोघी रडल्या नव्हत्या. त्या तिथं बसल्या आणि दिवस बुडेपर्यंत रडल्या. मध्येच कुत्र्यानं पाय उचलला आणि ते ताज्या औषधावर नख मारायला लागलं.

"खाजवू नको मेल्या!" लोहारीण ओरडली.

बोलली आणि दचकली. पूर आल्यापासून त्या घरात कुणी कुणाला 'मेल्या' म्हटलं नव्हतं. तिनं सासूकडं बघितलं. म्हातारी डोळे पुसत होती. कुत्र्यानं मात्र पाय खाली घेतला, एक सुस्कारा सोडला आणि ते झोपी गेलं.