अर्जदार समाधानी

सरकारदरबारी तक्रार केली की तिचं काय होतं, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. कपाटात सडते. त्या तक्रारी कपाटातून काढून मोबाइलवर आणायचं काम कावेरीबाईच्या लेकाकडं, दयानंदकडं होतं. लातूरच्या ऑफिसात तो साहेब. शिरूर अनंतपाळच्या बाजारात मेथीची जुडी घेतानाही कावेरीबाई त्याचंच कौतुक सांगायची.

म्हणून शेजारच्या सिद्धम्माला तिनंच भरीला घातलं. "रेशनची मशीन तुझा अंगठा घेईना व्हय? माझ्या लेकाच्या मोबाइलवर टाक तक्रार. आठ दिवसांत धान्य घरात!"

खुरपं धरून धरून सिद्धम्माच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. तीन महिने दाणा मिळाला नव्हता.

सातव्या दिवशी मेसेज आला : 'तक्रार निकाली. अर्जदार समाधानी.'

सिद्धम्मा हसली. "कावेरी, म्या समाधानी हाय म्हनं. मलाच ठाव न्हाई!"

ते हसणं कावेरीबाईला चाबकासारखं लागलं. तिनं एसटी धरली अन् थेट लेकाचं घर गाठलं.

"आई, तक्रार सात दिवसांत बंद न्हाई केली तर स्क्रीनवर लाल दिसतं," दयानंद समजावू लागला. "शंभर टक्के निकाली काढल्या म्हणून परवा सत्कार हाय माझा."

"आन् समाधानी? तिला इचारलं कुणी?"

"ते... आपोआप पडतं."

कावेरीबाई उठून स्वयंपाकघरात गेली. जेवायच्या वेळी तिनं त्याच्यापुढं रिकामं ताट ठेवलं अन् लगेच उचललं.

"आई! भूक लागलीय मला!"

"लागंना का! माझ्याकडं तू जेवलास, समाधानी झालास. निकाली!" तिचा आवाज फाटला. "ज्या सिद्धम्माच्या भाकरी डब्यात नेऊन शिकलास, तिच्याच उपाशी पोटावर हार घालून घेतोस? मला बाजारात खोटं पाडलंस रे! कागद धूळ खायचा, पन खोटं तरी बोलत नव्हता!"



दुसऱ्या दिवशी दयानंदनं, अर्जदाराला न विचारता बंद केलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडल्या. स्क्रीन लालेलाल! सत्कार बुडाला. अर्जदाराला फोन केल्याबिगर 'समाधानी' लिहायचं नाही, असा नियम त्यानं घातला. सिद्धम्माला अंगठ्याऐवजी वहीत नोंद करून धान्य मिळालं.

त्या गव्हाच्या पोळ्या तिनं दयानंदसाठी बांधून दिल्या. कावेरीबाईनं त्या पोचवल्या. बाजारात मात्र लेकाचं नाव ती अजून काढत नाही.

बाबांनो, यंत्रं आणा, खुशाल आणा. पण ज्याचं पोट, त्यालाच विचारा. दुसऱ्याचं समाधान आपल्या हातानं लिहू नका!