पिवळा पट्टा आणि पेंटरची शिडी

मी एक जुनी शिडी आहे, हे खरं तर सांगायची गरज नाही. अंगावरचे रंगांचे ओघळ बघूनच कुणीही माझं वय ओळखतं. मित्रांनो, माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. दाराच्या चौकटींतून उरलेल्या सागवानातून त्याने मला दोन भागांत बनवलं आणि डोक्यावर बिजागऱ्या ठोकल्या. अशा उघडमीट शिडीला रंगारी लोक ‘घोडा’ म्हणतात. चार पाय आणि उभ्याने झोपायची सवय, एवढंच आमच्यात साम्य.

मला एका पेंटरने नेलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या हाताला वळण होतं आणि गिऱ्हाइकांना मतं होती. एक बेकरीवाला खाली उभा राहून ओरडायचा, “माझं नाव ठळक काढ, भावाचं बारीक! भाऊ माझाच आहे, पण पहाटे उठतो कोण?”

त्या गावाची एक रीत होती. रस्त्यात कुणी शिडीवर चढलेला दिसला, की जाणारा-येणारा थांबायचा आणि खालून शिडी धरायचा. विचारणं नाही, आभार नाहीत. वरचा माणूस उतरला की खालचा आपल्या वाटेने जायचा. पेंटरचं आणि त्याच्या घरमालकाचं कोर्टात भांडण चालू होतं. तो घरमालकसुद्धा एकदा माझा पाय घट्ट धरून उभा होता. “उतर खाली, मग बघतो तुझ्याकडे!” असं वर बघून दम देत होता, आणि पकड मात्र सोडत नव्हता. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे छापील पाट्या आल्या. पेंटरचं काम गेलं आणि तो मला घेऊन दूरच्या मोठ्या शहरात गेला. तिथे आम्ही भिंती रंगवल्या. तिथे कुणी शिडी धरत नसे, म्हणून तो मला खिडकीच्या गजाला बांधायचा. दोर हा माणसापेक्षा भरवशाचा असतो, पण बोलत नाही.

मग एक दिवस पेंटरच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. त्याचे दाजी, म्हणजे तिचे यजमान, गेले होते. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ताई फोनवर रडली नाही. म्हणाली, “येताना शिडी आण.”

टेम्पोच्या टपावर आडवी पडून मी गावात परत आले. मित्रांनो, मला गाव ओळखू आलं नाही. रस्ते तेच होते, पण सगळी शटरं अर्धी खाली होती. गिऱ्हाईक वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. नवख्याला वाटावं, काय नम्र गाव आहे! प्रत्येक पाटीवर रंगाचा एक आडवा पट्टा मारलेला होता. वरच्या गल्लीतल्या टोळीचा पिवळा, खालच्या गल्लीतल्या टोळीचा निळा. ज्याचा पट्टा, त्याचं दुकान. बेकरीवर निळा होता आणि त्याखाली कुणाचंच नाव वाचता येत नव्हतं. भावाभावांचा वाद असा एकदाचा मिटला होता.

पेंटर वर बघत चालला होता. “किती वाकडे ओढलेत,” तो सवयीने म्हणाला.

दाजींच्या पाटीवर पिवळा पट्टा होता. पट्टा मारल्यावर दाजी म्हणाले होते, “घड्याळाला कसला आलाय पक्ष?” आणि भर दुपारी स्टुलावर चढून तो पुसायला लागले होते. स्टूल कुणी धरलं नाही. ज्यांनी हात लावला, त्यांनी ते ओढलं. दाजींचं डोकं पायरीवर आपटलं. चौक माणसांनी भरलेला होता, पण कुणी काही पाहिलं नाही.

ताईने हे सगळं चहा गाळता गाळता सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं.

“ताई, चल माझ्याबरोबर,” पेंटर म्हणाला. “दुकान राहू दे.”

“नंतर बघू. त्यांचं नाव पट्ट्याखाली गेलंय. ते आधी वर काढ.”

“मलाही पाडतील.”

“पाडतील. म्हणून तर शिडी आणायला सांगितली. स्टूल फार डुगडुगतं.”

सकाळी त्यांनी मला दुकानासमोर उभं केलं. समोरचा औषधवाला, दाजींचा बुद्धिबळातला जोडीदार, शटरखालून डोकावला. “पेंटर, पिवळाच घ्या बरं का. पिवळा टिकतो.” पेंटरने पांढऱ्याचा डबा उघडला, तसं औषधवाल्याचं शटर जमिनीला टेकलं.

ताईने माझे पुढचे पाय धरले. पेंटर चढला. आधी पट्टा पांढऱ्याने झाकला, तो सुकल्यावर नाव काढायला घेतलं. अर्धं झालं आणि मोटारसायकल येऊन थांबली.

तिच्यावरून बारक्या उतरला. बारक्या हा चांगला धिप्पाड माणूस. याच गावात वाढलेला, आता पिवळ्यांचा.

“काकू, त्याला खाली बोलवा. नाहीतर मी आणतो.”

त्याने माझ्या खालच्या पायरीवर बूट ठेवला. मी करकरले. वर पेंटरचा ब्रश थांबला.

ताईने मान वळवली नाही. “बारक्या, हलतेय ती. मागची बाजू धर.”

आणि बारक्याने धरली.

मित्रांनो, मी हे नवल पाहिलं आहे. ज्या हातांनी तो मला ओढायला आला होता, ते दोन्ही हात माझ्या मागच्या पायांना आपोआप येऊन भिडले. लहानपणी शिकलेली गोष्ट हातात असते. डोक्याला तिचा पत्ता उशिरा लागतो. वर ब्रश पुन्हा चालू झाला. दाजींचं नाव पूर्ण झालं, शेवटच्या अक्षरावरची रेघ ओढून झाली. पेंटर उतरून जमिनीवर आला, तेव्हा बारक्याला आपले हात दिसले. मोटारसायकलवरचा त्याचा साथीदारही तेच बघत होता.

बारक्या मोटारसायकलवर बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाटीवर पट्टा परत आला होता. पेंटरने पुन्हा पुसला. पुन्हा आला, पुन्हा पुसला. असं अजून चालू आहे. पेंटर शहरात परतलेला नाही. ताईने दुकान बंद केलेलं नाही, आणि तिचं शटर मात्र पूर्ण वर असतं.

मध्ये एकदा बारक्या दुकानात आला. त्याचे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये होते. कुणी मोडले, हे ताईने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. म्हणाला, “काकू, खिशात घड्याळ आहे. बघा जरा.” ताईने ते काढलं, कानाला लावलं.

“चालू आहे,” ती म्हणाली, आणि परत त्याच्या खिशात ठेवलं.

तो थोडा वेळ उभा राहिला. ताईने त्याला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मग तो गेला.

मी आशा ठेवत नाही, मित्रांनो. मी लाकडाची आहे. बिजागऱ्यांना वेळेवर तेल मिळालं आणि सैल पायरीला खिळा मिळाला, की माझं भागतं. तेवढं शिडीसाठी तुम्ही जरूर करा. आणि रस्त्यात कुणी उंचावर एकटा दिसला, तर जाऊन धरा. त्याच्या डब्यात कुठला रंग आहे, हे आधी बघत बसू नका. बघेपर्यंत माणूस खाली आलेला असतो.